निम्म्या किमतीची अट

रविवार, ७ एप्रिल, दुपार

चि. चिमणीस दादाचे खूप खूप आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते पहिल्यापासूनच बोलके. तू कशी आहेस हे शेवटी विचारतो. आधी बातमी सांगू दे, पोटात मावत नाहीये.

काल मी मांडीवरची गिटार पाहिली! तीच, आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची. लहानपणी रेडिओवर तिचा लांबलेला सूर ऐकला की तू विचारायचीस, ही बाई रडतेय की हसतेय? पुढच्या गल्लीत वाद्यवृंदातला एक वादक राहायचा. तो गेला, आणि त्याची बायको ती विकतेय. वय साठीच्या पुढचं. गिटारचं म्हणतोय.

किंमत ठरवायला मी खालच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला नेलं. त्याला सगळे सोल्डर म्हणतात. जिन्यात त्यानं बजावलं, "आजोबा, दाढ दुखत असल्यासारखा चेहरा ठेवा. खुशी दिसली की भाव चढतो." मी ठेवलाही. पण बाईंनी गिटार मांडीवर घेऊन एका तारेवरून कांडी नुसती सरकवली, आणि मी चक्क चौथीतली नदीची कविता म्हणायला लागलो. दोन कडवी! सोल्डरनं कपाळावर हात मारला.

मग त्यानं भिंग काढलं. तारांखालचं चुंबक मूळचं, गिटार ठेवायची पेटीही मूळची. पण एक खुंटी बदललेली आणि अंगावर दुसरा रंग चढवलेला. जुन्या वाद्याला नवा रंग दिला की भाव निम्म्यावर येतो म्हणे. कुण्या गाढवानं रंगवली, असं तो पुटपुटला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी. ह्यांना निळा आवडायचा." त्यानंतर सोल्डरनं बराच वेळ भिंगातून डोकं वर काढलं नाही.

निम्मा भाव रास्त आहे हे बाईंनाही पटलं. मात्र एक कॉफीवाला पूर्ण किंमत द्यायला तयार आहे, दुकानाच्या भिंतीवर शोभेला. त्या म्हणाल्या, "टांगायची तर पूर्ण. वाजवायची तर निम्मी. तुमच्याकडे वाजवणार कोण?"

"माझी धाकटी बहीण," मी म्हणालो.

आता रागाव. आजारपणानंतर तुझी गिटार कपाटावर गेली, डाव्या हाताची बोटं अर्धवट मिटलेलीच राहिली, आणि आपण दोघं त्यावर अवाक्षर काढत नाही. हवापाण्यावर पानं भरतो. पण चिमणे, मी बाईंचा डावा हात टक लावून पाहिला. त्या तारा दाबतच नाहीत गं! कांडी धरायची आणि सबंध हात खांद्यापासून सरकवायचा. बोटं मिटलेलीच असतात, तुझ्यासारखी. घरी येऊन मी टेबलावर चमचा धरून करून पाहिलं. पहिल्यांदा मांजर ओरडल्यासारखं वाजेल, वाजू दे.

बाई पुढच्या रविवारपर्यंत थांबणार आहेत. एकच सूर ऐकवला तरी पुरे म्हणाल्या, पण ऐकल्याशिवाय पैसे घेणार नाहीत. शनिवारी तुला न्यायला येतो. नाही म्हणायचं असेल तर दारात म्हण, पत्रानं कळवू नकोस.

शाळेत मी पुढे उभा राहून कविता म्हणायचो आणि तू मागे बसून वाजवायचीस. आठवतं?

आता विचारतो. कशी आहेस? खरं सांग.

या खेपेला मागे बसणारा,
तुझा दादा