आत्याबाईची टकटक

प्रिय पक्कड,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. इतकं वाईट अक्षर डॉक्टरशिवाय कुणाचं नसतं, आणि मी दातांचा डॉक्टर असलो तरी त्या बाबतीत कुठे कमी पडलो नाही. आधी एक सांगून टाकतो, म्हणजे उगाच छातीत धस्स व्हायला नको. आई ठणठणीत आहे, मी चालता-फिरता आहे, घर जागेवर आहे. पत्र लिहितोय ते त्या रविवारच्या फोनबद्दल. त्यानंतर तू माझ्याशी एक अक्षर बोललेली नाहीस. आईला फोन करतेस आणि मी आसपास आहे असं कळलं की 'ठेवते गं' म्हणतेस. तू रागावली आहेस, आणि रागावण्यासारखंच झालंय. पण त्या फोनवर येण्याआधी मला तुला गाडीबद्दल सांगावं लागेल. डोळे फिरवू नकोस. बाबाला काहीही विचारा, शेवटी तो गाडीवरच येणार, हे तुझं वाक्य मला पाठ आहे. या खेपेला उलटं आहे. गाडीवरून निघून मी तुझ्यापर्यंत येणार आहे, तेव्हा जरा दम धर.

तर आत्याबाई. गाडीला हे नाव का, ते तू शाळेत सगळ्यांना सांगत फिरायचीस. माझी सख्खी आत्या अशीच होती, रस्ताभर कुरकुर, चढ आला की धापा, पण येते म्हणाली की येणार म्हणजे येणारच. गाडी तुझ्यापेक्षा वयानं मोठी. तिचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालंय, त्यामुळे दुसऱ्याच कुठल्या गाडीचा भाग आणायचा, कानस मारून मारून तिला बसता करायचा, यातच पूर्वी माझ्या सुट्ट्या जायच्या आणि दवाखाना बंद केल्यापासून सगळेच दिवस जातात. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं आई म्हणते. म्हणू दे. दवाखान्यातली हत्यारं मी शेडमध्ये आणून ठेवलीत. तोंडात घालायचा तो छोटा आरसा इंजिनामागचा गळका पाइप शोधायला इतका नामी आहे म्हणून सांगू, आणि दाढ टोकरायच्या आकड्यानं कार्बोरेटरमधला कचरा काय सुरेख निघतो! बॉनेट उचलताना अजूनही माझ्या तोंडून 'आ करा' निघतं.

तुला आठवतं का, तू उशी खाली घेऊन स्टिअरिंगवर बसायचीस? ॲक्सिलरेटरला पाय पुरायचा नाही म्हणून सीटच्या पार कडेला घसरून बसायचीस, आणि चाक असं गच्च धरायचीस, की जन्मल्या जन्मल्या माझं बोट धरलं होतंस ते आठवायचं. नर्सला सोडवता येईना, तेव्हापासून तर तू पक्कड. बॉनेट उघडं असलं की मला तू दिसायची नाहीस आणि तुला मी. इंजिनाच्या आवाजात ओरडून ओरडून घसा बसायचा. म्हणून आपण खुणा ठरवल्या. मी पान्यानं मडगार्डवर ठोकायचो. एक ठोका, चालू कर. दोन, पाय दाब. तीन, बंद. चौथी खूण मात्र तुझ्या डोक्यातली. कंटाळलीस, भूक लागली, की तू आतून दारावर चार वेळा ठोकायचीस. बाबा, पुरे झालं, चला घरी. शेडपासून घर ते केवढं, हाकेच्या अंतरावर, तरी तुझं आपलं 'चला घरी'. आणि मी कितीही अडकलेला असलो तरी चार ठोके पडले की फडका घेऊन हात पुसायचो. तो आपला कायदा होता.

आता माझ्या कानांबद्दल. आमच्या रविवारच्या टोळक्यात, म्हणजे हे माझ्यासारखेच जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेले लोक, मला कानसेन म्हणतात, आणि मी ते नाव मिरवत आलो. कुणाच्याही गाडीचं काही बिघडलं की मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचो, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं. टॅपेटसुद्धा मी कानानंच जुळवायचो. टॅपेट म्हणजे काय ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, मला सांगायला आवडतं. इंजिनाच्या माथ्यावर झडपा असतात. झडप आणि तिला दाबणारा दांडा यांच्यात केसभर फट ठेवावी लागते, कारण तापलं की लोखंड फुगतं, त्याला जागा हवी. त्या फटीमुळे इंजिन हलकं टकटक करतं. फट वाढली की टकटक वाढते, मग स्क्रू आवळत जायचं, शेजारच्या खोलीतल्या घड्याळाइतकी टकटक उरली की थांबायचं. फट मोजायला पातळ पत्र्याच्या पट्ट्या मिळतात, फिलर म्हणतात त्यांना. त्या नवशिक्यांसाठी, असं म्हणून मी खणात टाकून दिल्या होत्या. गर्वाचं घर खाली, दुसरं काय.

गेली दोन-तीन वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो की आत्याबाई आता लोण्यासारखी चालते. रस्त्यात लोक वळून वळून बघायचे. मला वाटायचं, काय गाडी ठेवलीय म्हणून बघतायत! मी ऐटीत हात करायचो. आई तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायची, तेही मला तिचा नेहमीचा गाडीद्वेष वाटायचा. मग परवा-परवा पुलाच्या चढावर आत्याबाईनं आचके दिले आणि जागेवर बसली. टोळक्यातला तो विमेवाला, ज्याची जुनी व्हॅन तू 'पावाचा डबा' म्हणायचीस, त्यानं दोर बांधून आम्हाला शेडपर्यंत ओढत आणलं. इंजिनाचं झाकण काढलं तर एक दांडा जागेवरून उडून वाकडा झालेला, आणि बाकीच्या फटी अशा की फिलर कशाला, माझ्या अंगठ्याचं नख आरपार गेलं. विमेवाला माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, गाडी चौकात वळली की आम्हाला इथं कळतं, टकटक टकटक, शिवणयंत्र घेऊन आल्यासारखी. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस मेल्या? तर म्हणतो कसा, अरे तू कानसेन, तू ठेवली आहेस म्हणजे काहीतरी युक्ती असणार असं वाटलं आम्हाला. टोळक्यातल्या एकानं तर माझं बघून स्वतःच्या गाडीचे टॅपेट सैल केले होते! अख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं, पक्कड. एक मला सोडून.

भंगारातल्या इंजिनाचा दांडा मिळाला. विमेवाल्यानं माझ्याच खणातला फिलर काढून एकेक फट मोजून बसवली आणि मी चावी फिरवली. तो मान तिरकी करून उभा राहिला, चेहरा खुलला, बोट वर करून म्हणाला, ऐक, कशी घड्याळासारखी बोलतेय. मला इंजिनाची घरघर ऐकू येत होती. घड्याळ येत नव्हतं. मी मान डोलावली, तीही तालात, त्याच्या बोटाकडे बघत. तो गेल्यावर स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. काही नाही. दुसऱ्या कानाला लावला. मग दातांच्या डॉक्टरला जे सुचायचं तेच सुचलं, मूठ दातांत धरली. आणि जबड्यातून ती आली, बारीक, नीटस टकटक. ऐकू आली म्हणू की जाणवली म्हणू, कोण जाणे. मी तसाच तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून जुन्या टायरवर बसलो. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू.

तू म्हणशील, इतके दिवस कळलं कसं नाही? अगं, माझ्या धंद्यात समोरचा माणूस आ करून बसलेला, तो बोलणार काय कपाळ! आणि आयुष्यभर लोकांच्या तोंडातच बघत आलो, त्यामुळे ओठ हलले की शब्द कळतात. आई समोर बसून बोलली की मला सगळं समजतं. पाठमोरी बोलली की नाही, मग ती म्हणते, ऐकून न ऐकल्यासारखं करायची तुमची खोड काही जायची नाही. माझाही समज तसाच झाला होता, की मी आपला बेफिकीर नवरा आहे. फोनला मात्र तोंड नसतं. फोनसाठी मी तीन उत्तरं करून ठेवली होती, 'हो का', 'बरं बरं' आणि 'बघू'. आवाजाचा चढउतार बघून त्यातलं एक काढून द्यायचं. लाइन खराब आहे, तुझा फोन जुना आहे, तू भराभर बोलतेस, अशी स्वतःची समजूत घालायची. गेलं वर्षभर तू माझ्याशी बोलत होतीस ती या तिघांशीच.

कानाच्या डॉक्टरकडे आईला न सांगता गेलो. एका काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी अंगठा सरसावून बसलो, परीक्षेला बसल्यासारखा. बराच वेळ झाला तरी सुरुवात होईना. मग डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, झालं, या बाहेर. मला वाटलं होतं अजून सुरूच झालं नाही. बारीक आवाज बरेचसे गेलेत, जन्मभर कानाशी ड्रिल फिरत होतं त्याचाही हात असेल म्हणाल्या, आधी आला असता तर म्हणाल्या. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. कानात घालायचं यंत्र सांगितलंय, माप घेऊन झालंय. घरी आलो आणि आईच्या समोर खुर्ची ओढून सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. मला वाटलं, आता माझी हजेरी घेणार. तर तिनं सुरी खाली ठेवली, टेबलावर डोकं टेकलं आणि रडायलाच लागली. म्हणाली, म्हणजे त्या दिवशी पोरगी काय बोलली ते तुम्हाला ठाऊकच नाही?

ठाऊक नव्हतं, पक्कड. तू तिला शपथ घातली होतीस, बाबांजवळ विषय काढू नकोस, त्यांचं उत्तर मला मिळालंय. आई ती शपथ पाळत होती आणि मनातून मला शिव्या देत होती. त्या रविवारी आई बाहेर गेलेली, मी शेडमध्ये, हात ग्रीसनं माखलेले. फोन मी खांद्यानं कानाशी दाबला. तू बराच वेळ बोललीस. तुझा आवाज खाली खाली जातोय एवढं मला कळत होतं, काहीतरी बिनसलंय हेही कळत होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, पोरी, मला ऐकू येत नाही. लाज वाटली गं. शेवटी तू थांबलीस, काहीतरी विचारून थांबल्यासारखी, आणि मी माझ्या तीन उत्तरांतलं एक काढलं. 'बघू. आई आली की बोल तिच्याशी.' आणि ठेवला. आता आईकडून कळलं, तू मला सांगत होतीस की सासरी, त्या घरात राहणं आता होत नाही, तू मैत्रिणीकडे येऊन राहिली आहेस. आणि विचारलंस ते, बाबा, मी घरी येऊ का? आधी मला विचारलंस, आईच्याही आधी. आणि तुझ्या बापानं सांगितलं, बघू. त्या शब्दानिशी तू हे सगळे दिवस कशी काढलेस, याचा विचार आला की जीव तुटतो. तुझा प्रश्न आज पोचला, म्हणून उत्तर आज देतोय. ये. घर तुझं आहे, विचारायचं असतं का? तू का निघालीस, कुणाचं चुकलं, ते मला कधी सांगावंसं वाटलं तर समोर बसून सांग, नाही वाटलं तर नको. काल आत्याबाईची मागची सीट काढून ठेवलीय, तुझं सामान मावेल. आई पुढे बसणार, माझे कान म्हणून. टकटक वाढली तर सांगेन म्हणालीय. फोन करू नकोस, यंत्र येईपर्यंत मी फोनला हात लावत नाही. लांबलचक मेसेजही नको. नुसता चारचा आकडा पाठव. पोचला की मी हात पुसतो आणि निघतो. कायदा म्हणजे कायदा.

तुझाच,
कानानं अधू, बाकी शाबूत,
बाबा