शेवटच्या वावराचं पाणी

रविवार, २ मार्च १९८६

अडकलो! लेकीला, दीपाला शाळेत प्रोजेक्ट मिळालाय — टेक्सासमधली जुनी स्पॅनिश मिशन्स, म्हणजे पाद्र्यांच्या वसाहती आणि त्यांचे शेतीचे पाट. मॉडेल करायचं आणि घरातल्या कुणाच्या तरी कामाशी त्याचा संबंध दाखवायचा. तिने आजोबा निवडले. बोर्डवर ठळक लिहूनही टाकलं — 'माय ग्रँडफादर, इरिगेशन ऑफिसर.'

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, साक्रीकडचे पाटकरी. खांद्यावर फावडं टाकून ज्याच्या त्याच्या पाळीला पाणी सोडायचे. ऑफिसर केलं ते मी — इथे अमेरिकेत आल्यावर, मराठी मंडळाच्या पहिल्याच गणपतीत, चार डॉक्टरांच्या घोळक्यात. मग लग्नाच्या बोलण्यांतही. दादा तोवर गेले होते, खोडणार कोण?

बुधवार, ५ मार्च

मॉडेलच्या पाटातून पाणी पुढे सरकेना. पाइप-फिटिंगचं दुकान माझं. छोटा पंप बसवून मोकळा झालो. दीपा म्हणाली, "बाबा, देअर वॉज नो पंप इन सेव्हन्टीन फॉर्टी." खरंच की! शनिवारी जाऊनच बघायचं ठरलं.

शनिवार, ८ मार्च

घरून, शुगर लँडहून, तीन तास ड्राइव्ह. सॅन अँटोनियोच्या दक्षिणेला मिशनचा पाट अजून वाहतोय! दीपाने वहीतून वाचून दाखवलं — पहाटे घंटा, प्रार्थना, एकाच कढईतली मक्याची पेज, मग शेत. पाट खणला तिथल्या मूळच्या रेड इंडियन लोकांनी, पाद्र्यांच्या हुकमावरून. पळून गेले तर धरून आणत. तेही लिहिणार म्हणाली. लिही म्हटलं.

पाटावर मिस्टर रोसालेस भेटले. सत्तरीचे, त्याच खणणाऱ्यांचे वंशज. पाण्याची दारं उघडायचं काम त्यांच्याकडे. त्यांच्यातही तासांच्या पाळ्या! दीपाने आजोबांचं ऑफिसरपण लगेच सांगून टाकलं. मी पाण्याकडे बघत राहिलो.

तेवढ्यात आवाज खटकला. बुडबुड. बांधाला भोक पडलं की पाणी असंच बोलतं. दहा पावलांवर सापडलं — उंदराचं बीळ असावं. त्यांचंच फावडं घेऊन चिखल थापला. नवे बूट गेले.

रोसालेस बघत होते. म्हणाले, "ऑफिसरचा मुलगा असं फावडं धरत नाही."

"पाटकरी होते," मी म्हणालो. दीपासमोर.

 घर आल्यावर पोरीने एवढंच विचारलं — "सो हू गॉट वॉटर लास्ट?" म्हटलं, शेवटचं वावर. ते भिजेपर्यंत दादा घरी यायचे नाहीत.

रविवार, ९ मार्च

'ऑफिसर' खोडलं तिने. पंप काढला, उतार नीट दिला — पाणी शेवटच्या वावरात! शुक्रवारी शाळेत प्रदर्शन, बघायला निम्मं मंडळ येणार. येऊ देत. त्याआधी पद्मजाला सांगायला हवं. बायकोला सांगायची भीती जास्त!

सोमवार, १० मार्च

सांगितलं. पद्मजा पोळी लाटतच राहिली. "ठाऊक आहे. सोळा वर्षं." म्हणजे तिच्या वडिलांनी तेव्हाच गावात गुपचूप चौकशी केली होती — शेवटचं वावर कसणाऱ्या म्हातारीकडे. म्हातारी म्हणाली होती, "पाटकऱ्याचं पोर ना? डोळे मिटून मुलगी द्या."