तापलेली वाळू

प्रिय इआलापान,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. लेक झाली, तिला तुझ्या आईचं नाव दिलंस, हे वाचून तुझी मामी रडली. मी बाहेर जाऊन सुपारी चघळत बसलो. आयुष्यात मी तीन पत्रं लिहिली असतील, त्यातली दोन पाद्रीबाबांना. तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आपला तावुरवुर डोंगर अजून राख ओकतोय. वारा इकडे फिरला की रताळ्याचे वेल करपतात, आणि मामी पत्र्यावरची राख झाडता झाडता डोंगराला आणि मला सारख्याच शिव्या घालते. तिचा खोकला काही जात नाही. जुन्या गावात आता फक्त नारळाची बोडकी खोडं उभी आहेत.

तुला आठवतं, रानकोंबड्या डोंगराच्या पायथ्याशी ऊन वाळूत अंडी पुरून जायच्या आणि मी बगलेपर्यंत हात घालून ती काढायचो? डोंगर फुटला त्या वर्षी, आपल्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या तीन आठवडे आधी, माझा हात पोळला. अंडी निघाली ती शिजलेली. तुझी आई आधी खूप हसली, म्हणाली की आता चूल पेटवायचीही कटकट गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तेव्हा मात्र ती हसली नाही. आत टेकड्यांपलीकडे मावशीकडे जाऊ या, असं तिनं मला चार वेळा सांगितलं.

मी ऐकलं नाही. त्याच्या दहा वर्षं आधी डोंगर फुटणार असा बोभाटा झाला, गाव रिकामं झालं आणि डोंगर ढिम्म हलला नाही. आपण परतलो तेव्हा शेजारच्या टोकिनाव्हाच्या घराण्यातली माणसं आपल्या वाळूत अंड्यांसाठी खणत होती. पंचांपुढे त्यांनी एवढंच विचारलं, की गाव रिकामं होतं तेव्हा या जमिनीवर तुमच्या घराण्यातली कोणती बाई बसली होती? आपल्यात जमीन आईकडून येते. बाई नाही तर हक्क नाही. ती वाळू परत मिळवायला मला सहा वर्षं लागली.

म्हणून डोंगरावर नजर ठेवणाऱ्या वेधशाळेचा माणूस वाळू कशी आहे विचारायला आला, तेव्हा मी नेहमीसारखीच म्हणालो. खालचा वितळलेला खडक वर चढत होता, त्यानंच वाळू तापली आणि किनाराही उचलला गेला, हे त्यानं मला नंतर समजावलं. तो चांगला माणूस आहे. मी खोटं बोललो होतो, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मग स्वातंत्र्यदिनानंतरचा तो रविवार आला. सकाळपासून जमीन हलत होती, तू मामीबरोबर आधीच गेलीस, संध्याकाळपर्यंत बाकीचे सगळे ट्रकमध्ये चढले. सोमवारी डोंगर फुटला. राख पडली, त्यावर पाऊस झाला, ओली राख सिमेंटसारखी जड झाली आणि आपल्या घराचं छप्पर तुझ्या आईवर बसलं. ती हट्टानं मागं राहिली, असं मी तुला सांगितलं, गावाला सांगितलं. दफनाच्या वेळी लोक तिला शूर म्हणाले. मी मान डोलावली.

आता तू लिहितेस की टोकिनाव्हाची माणसं पुन्हा खणू लागली आहेत, आणि आई ज्या जमिनीसाठी मेली तिथं तू तान्ह्या लेकीला घेऊन झोपडी बांधणार. मामा म्हणून माझा होकार मागतेस. वाळू तुझीच आहे, तिच्यासाठी माझा होकार लागत नाही. पण इआलापान, तुझी आई तिथं राहिली नव्हती. मी तिला ठेवलं होतं. एक बाई दिसली पाहिजे, सकाळी तुला न्यायला येतो, असं म्हणून मीच तिला शेवटच्या ट्रकवरून उतरवलं; गावातली माणसं आधीच्या ट्रकनं गेली होती. तिनं गाठोडं आधीच वर टाकलं होतं. ट्रक सुरू झाला तेव्हा ती फळीला धरून चार पावलं धावली आणि म्हणाली, "दादा, मला पण ने ना." मी तिचे हात सोडवले.

तुझाच,
मामा टोवारगिल