मांजरीला सांगितलेलं

आये, तुला काही सांगायचं म्हटलं की अजूनही तू मागच्या दारी मासे साफ करत बसली आहेस आणि मी दाराआड उभी आहे, असंच वाटतं. दुपारी बाजारातून पाटी रिकामी करून तू यायचीस, तोंडावर पाणी मारायचीस आणि घरच्यासाठी राखलेली मांदेली घेऊन कोयत्यापाशी बसायचीस. मांजर आधीच येऊन बसलेली असायची. तिला नाव नव्हतं, दूध तिनं जन्मात पाहिलं नसेल, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की तूच तिला हाकलायचीस. उंदरांनी जाळी कुरतडू नयेत म्हणून ती ठेवलेली, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून माशांची आतडी. पण बोलायचीस तू तिच्याशीच. बाजारात कोण खेकसलं, बर्फवाल्यानं कसं फसवलं, आजी काय लागेल असं बोलली, सगळं तिला सविस्तर. मला दिवसभरात मिळायचं ते "पानी भर", "चूल बघ" आणि "शालंला जा".

एकदा मी तिला पायानं बाजूला ढकललं, तर तू ओल्या हातानं माझ्या पाठीत धपाटा घातलास. "ती हाय म्हनून जाली धड हायत. तू काय करतंस गो?" मार विसरले, तो प्रश्न नाही विसरले. मी काय करत होते? शाळेत जात होते, कारण तूच पाठवत होतीस. त्या दिवसापासून ती मांजर माझ्या डोळ्यांत सलायला लागली.

आणि मग ते ऐकलं. माशांची खवलं काढता काढता तू तिला म्हणत होतीस, "पोटात दुखतंय गो, पार कंबरेपरत. कोनाला सांगू नको." मांजरीला बजावत होतीस. रात्री मी विचारलं तर म्हणालीस, "काय नाय झायलंय. अभ्यास कर." पुढच्या वर्षी तू नव्हतीस. तुझं दुखणं त्या घरात पहिल्यांदा कोणाला कळलं असेल, तर एका मांजरीला. आये, किती वर्षं झाली, पण हे आठवलं की मला आधी रडू येत नाही. आधी राग येतो, आणि तो तुझ्यावर नसतो.

आता मी नवीन पनवेलला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. घरात तो, मी आणि त्याचा कुत्रा. हा कुत्रा उंदीर धरत नाही, राखण करत नाही, दाराची बेल वाजली की पलंगाखाली शिरतो. त्याला रेनकोट आहे, त्याचा डॉक्टर वेगळा, वाढदिवसाला केक. लिफ्टमध्ये लोक त्याची नावानिशी चौकशी करतात आणि मला "त्याची आजी" म्हणतात. तू हे पाहिलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मी हसत नाही. मुलगा ऑफिसातून येतो, मला "जेवलीस का?" विचारतो, आणि बाल्कनीत कुत्र्याशेजारी फतकल मारून बसतो. तिथे त्याला कंठ फुटतो. माझा नुसता जळफळाट होतो.

परवा चहा गाळत होते, बाल्कनीचं दार उघडंच होतं. मुलगा त्याला सांगत होता, "तुझं होईल रे. इंजेक्शनं, कागदपत्रं, विमानातला पिंजरा, सगळं विचारून ठेवलंय. पण आईचं काय करू? ती तिकडे राहायची नाही, आणि इथे एकटी कशी ठेवू?" त्याला परदेशात नोकरी लागल्याचं मला असं कळलं. कुत्र्याच्या पिंजऱ्याची सोय झाल्यानंतर.

गाळणं हातात घेऊनच मी बाहेर गेले. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

तो दचकला. मग खाली बघत म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू लगेच 'जा' म्हणाली असतीस. मग मी काय विचार करणार? हा नुसता ऐकून घेतो, आई."

तेव्हा मला तू कळलीस. मला सांगितलं असतंस तर दुसऱ्या दिवशी मी दप्तर फेकून तुझी पाटी डोक्यावर घेतली असती. मांजर काही शाळा सोडणार नव्हती. माणसं जनावरं का पाळतात हे त्या बाल्कनीत उभ्या उभ्या मला उमगलं, पण मत्सर काही कमी झाला नाही. उलट वाढला. मी शाळा सोडली असती तर सोडली असती, आये. तुझ्याजवळ तरी बसले असते.

"जा" माझ्या ओठांवर आलंच होतं. त्याऐवजी म्हटलं, "मला एकटीला भीती वाटते रे." मग त्यानं कुत्र्याला पलीकडे सरकवलं आणि मला बसायला जागा केली. ठरलेलं अजून काहीच नाही, पण आता रोज संध्याकाळी मी तिथे बसते. कुत्रा माझ्याकडे जरा तिरकाच बघतो.

हा कागद तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुला नेलं त्या सकाळी सगळ्या बायका आत रडत होत्या आणि मला शोधत होत्या. मी मागच्या गल्लीत होते. मांजरीला हाका मारत होते. तू तिला माझ्याबद्दल कधी काही बोलली होतीस का, एवढंच मला तिला विचारायचं होतं.