पारायणाची खोली

प्रिय संपदा,

त्या गुरुवारी सकाळी मी देवघराचं दार उघडलं ते अनिमेषमुळे. तो दूध सांडून रडत बसला होता आणि श्रावणी दारापुढे हात पसरून त्याला शाळेतल्या हिंदीत दटावत होती, 'चुप रहो, मम्मी भगवान से बात कर रही है.' तुझं पारायण सुरू झाल्यापासून आपल्या घरात असंच चाललं होतं. आई टीव्ही लावत नसे, शेजारणीलाही दारातूनच परत पाठवी. मला बाहेर तुझ्या वाचनाचा हलका आवाज यायचा आणि मी डबा भरता भरता मनातल्या मनात हात जोडायचो. दार उघडलं तर पोथी कापडात बांधलेलीच होती. तुझ्या कानात वायर, पुढ्यात तांब्याला टेकवलेला फोन, त्यात सात-आठ चेहरे. तू त्यांना एका बाईची गोष्ट वाचून दाखवत होतीस. ती बाई गॅसवर दूध ठेवून फाटकाबाहेर जाते आणि कुणी हाक मारीपर्यंत तिथेच उभी राहते. एवढंच मी ऐकलं. तू वर पाहिलंस. मी दार लावून घेतलं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, 'काय झालं रे?' मी म्हणालो, 'काही नाही, अध्याय बाकी आहे.'

दुपारी जेवायला आलो तेव्हा तू सगळं सांगितलंस. नागपूरचा लेखनवर्ग, फोनवर शिकवतात, लिहून आणायचं, वाचून दाखवायचं. मी फार कडक बोललो. देवासमोर तरी हे करायचं नव्हतं, असं म्हणालो. तू ताट वाढता वाढता म्हणालीस, 'मग कुठे करायचं होतं? बाथरूमच्या दारावरसुद्धा ही दोघं थापा मारतात. या घरात फक्त देवापुढे बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही.' मी म्हणालो, 'म्हणून देवाला फसवायचं?' त्यावर तू म्हणालीस, 'देवाला माहीत होतं. तुम्हालाच नव्हतं.' मी जेवून उठलो, आणि पुढे कितीतरी दिवस तुझ्याशी बोललो नाही.

त्या दिवसांत आईनं सांगतेचा घाट घातला. तिचं तरी काय चुकलं? माहेरी आणि सासरी तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्याच पारायणाचा स्वयंपाक केला. 'माह्या सुनेनं दोन पोट्टे सांभाळून पोथी वाचली,' असं ती भाजीवाल्यालाही सांगत होती. पंडरीच्या कापडबाजारातून तुझ्यासाठी हिरवी साडी आणली, पाच सवाष्णींना जेवणाचं आवतण दिलं. ती साडी तिनं तुझ्या खांद्यावर लावून पाहिली तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी पंख्याचं बटण शोधत राहिलो. दुसऱ्याच दिवशी तू मुलांना घेऊन गोंदियाला निघालीस, बाबांना बरं नाही म्हणून. फलाटावर म्हणालीस, 'देवापुढे खोटं बसायला मी येणार नाही. वर्ग सोडते म्हणून कळवून टाकते. झालं तुमचं समाधान?' गाडी सुटली आणि मी घरी येऊन आईला सांगितलं, संपदा बुधवारी येते.

तू गेल्यावर घर एवढं शांत झालं की मला पूजेला बसवेना. आमच्या गावच्या शाळेला एकच खोली होती. गुरुजी एका वर्गाला शिकवत तेव्हा बाकीचे तीन वर्ग त्याच खोलीत पाढे म्हणत. माझं सगळं शिक्षण त्या गोंगाटात झालं, मला त्याचा कधी त्रास वाटला नाही. त्यामुळे कुणाला दार लावून बसावंसं वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. देवापुढे बसलो की तुझी ती फाटकाबाहेरची बाई डोळ्यांपुढे यायची. तिला हाक मारणारा बहुतेक मीच असणार, असं वाटायचं.

दोन वर्ग लागोपाठ चुकले की नाव कमी करतात, असं तू म्हणाली होतीस. एक चुकला आहे; सोडते म्हणून तू अजून कळवलं नसशील अशी आशा आहे. म्हणून रविवारी आई डाळ निवडत बसली होती तेव्हा मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. ती आधी हसलीच. मग सूप खाली ठेवलं. 'म्हणजे मी टीव्ही बंद करून राहिली, अन् ते कहाण्या लिहून राहिली? देवापुढे काहून? दुसरी जागा नाही भेटली तिले?' मी म्हणालो, 'नाही भेटली, आई.' तिनं मान वळवून दोन्ही खोल्या पाहिल्या. लोखंडी पलंग, मुलांची सायकल, वाळत घातलेले कपडे. सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाली, 'पाची घरी तूच जाऊन सांग. मी तोंड नाही दाखवत.'

गेलो. आधी चौबे कॉलोनीतल्या रमाकाकूंकडे. पारायण झालंच नाही, सांगता नाही, असं कसंबसं बोललो. त्या म्हणाल्या, 'अन् मग रोज सकाळी करत काय होती?' गोष्टी लिहीत होती, म्हटलं. 'अरे भैया, तर मग पुरणपोळी काहून रद्द करून राहिले?' बाकीच्या घरांतून मात्र कुणी असं बोललं नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. साडी तिनं कपाटात ठेवली आहे. ती तुला कधी देईल, देईल की नाही, हे मला सांगता येत नाही.

ऑफिसातला पराग आज गोंदियाला जातो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. फोनवर सांगितलं असतं तर तू 'राहू द्या' म्हणाली असतीस, आणि मीही राहू दिलं असतं. म्हणून आधी करून मग लिहितो आहे. आज सकाळी आंघोळ करून देवांवर अक्षता वाहिल्या, जागा बदलतो म्हणून सांगितलं आणि एकेक मूर्ती ताम्हनात ठेवून स्वयंपाकघरात नेली, डब्यांच्या फळीवर. आई ओट्याशी उभी राहून बघत होती. तिनं हळदीचा डबा तेवढा सरकवला. आता माझी पूजा तिथेच, पोळ्यांच्या धुरात आणि पोरांच्या दंग्यात. गुरुवारी सकाळी तुझा वर्ग आहे, बुधवारच्या गाडीनं ये. ती खोली मी झाडून रिकामी केली आहे आणि दाराला आतून कडी बसवली आहे.

तुझाच,
जयंत