न वाचलेला तिसरा भाग

प्रिय खारू,

पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण आपले रविवारचे फोन कसे असतात तुला ठाऊकच आहे. जेवलीस का, गुडघा कसा आहे, तिकडे थंडी पडली का, ठेवू मग? त्यात एका महाकाय कासवाच्या पाठीवर वसलेलं राज्य कुठे बसवू? हो, तेच राज्य. तुझी ती दीपगृहाच्या राणीची मालिका मी वाचून काढली. काल दुपारी दुकानात, काउंटरमागे बसून शेवटचं पान संपवलं, आणि तेव्हापासून कुणाला तरी सांगायचंय.

झालं असं की तुझ्या खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून कपाटामागचा गठ्ठा ओढला. सुतळीची गाठ चार वर्षांपूर्वी मीच मारलेली, सुटता सुटेना. शेवटी कात्रीनं कापली आणि वरच्या पुस्तकाचं पहिलं पान उगाच उघडून पाहिलं. रंगारी दोनदा विचारून गेला, बाई, कुठला रंग लावू? तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. तेव्हा तुझी खोली आता हिरवी आहे, त्याला आवडते तशी.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सातवीनंतर पऱ्या-राक्षसांचं वाचणं म्हणजे बुद्धी खुंटल्याचं लक्षण. भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचताना सिस्टरनी मला पकडलं होतं आणि तासभर व्हरांड्यात उभं केलं होतं. त्यानंतर मी तो नाद सोडलाच. सिस्टरनी घोटून घेतलेलं ते सगळं इंग्रजी पुढे चष्म्यांचे नंबर लिहिण्यात गेलं. आणि आता एकसष्टाव्या वर्षी गिऱ्हाईक आलं की मी पुस्तक ड्रॉवरमध्ये सरकवते, सिस्टर आल्यासारखी.

एकदा जवळचं वाचायचं कार्ड सापडेना. समोर निवृत्त हेडमास्तर नवा चष्मा लावून बसलेले. मी ड्रॉवरमधलं पुस्तकच त्यांच्या हातात दिलं, म्हटलं, चार ओळी वाचून दाखवा. त्यांनी चार वाचल्या, मग पान उलटलं. मी विचारलं, दिसतंय ना नीट? तर म्हणाले, "थांबा हो बाई, जहाज बुडतंय." दुसऱ्या दिवशी चष्मा नाकाला टोचतो म्हणून आले, तिसऱ्या दिवशी काडी सैल झाली म्हणून. शेवटी मीच पहिला भाग त्यांना घरी दिला. ते आता दुसऱ्यात आहेत आणि पुढचं कळेल म्हणून मला तोंड उघडू देत नाहीत. एवढं मनात साठलंय आणि बोलायला कुणी नाही, माझे हाल समज.

त्या दुसऱ्या भागाचा शेवट आठवतो ना? राणी आपल्या मुलीच्या तोंडावर दीपगृहाचं दार लावते. मुलगी मागे न बघता भरतीच्या पाण्यात चालत जाते. मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसतीच काचा पुसत बसले. मग पुढचं घेतलं, तर पहिल्याच पानावर दोघी एका होडीत. राणी वल्हवतेय आणि मुलगी तिला ओरडतेय, अगं, डावीकडे घे, डावीकडे. मला वाटलं पानं गळली. शिवण तपासली, ती पक्की. पुस्तकांच्या पाठीवर आकडे नाहीत, नुसता चंद्र, कलेकलेनं वाढणारा, त्यावरून मला काय कळणार? मी समजले, लेखिकेनं मुद्दामच सांगितलं नाही. न बोलताच मिटलं दोघींचं. कुणी कुणाची माफी मागितली नाही, मागचं काही उकरलं नाही, एक दिवस होडीत बसल्या, झालं. आणि खरं सांगू, मला ते फार आवडलं. पुढचे सगळे भाग मी त्या आनंदात वाचले. म्हटलं, असंही होतं तर.

आज सकाळी पुढे काय वाचावं म्हणून पुस्तकांच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीनं माझ्यापुढे ढीगच मांडला. एक अकरा भागांची मालिका, प्रत्येकात घडीचा नकाशा. एक त्या नगराची, जिथे सावल्या भाड्यानं मिळतात. दोन्ही घ्याव्यात असं वाटत होतं. तिनं विचारलं, आधी काय संपवलंत? मी ऐटीत म्हटलं, दीपगृहाच्या राणीचे सहाही भाग. ती म्हणाली, "सात आहेत, काकू. तिसरा राहिला तुमचा? अहो, तिसऱ्यात तर त्या दोघी साडेचारशे पानं नुसत्या बोलतात." तिनं फडताळातून तो काढलासुद्धा. मी हातही लावला नाही, छत्री विसरून घरी आले.

खारू, तो तुझ्याकडे आहे. त्या दिवशी मी म्हणाले होते की ही पुस्तकं रद्दीत घातली की तुझं डोकं ठिकाणावर येईल, आणि तुझ्याकडे पाठ करून गठ्ठा बांधत बसले. तेवढ्यात तू एक उचलून बॅगेत टाकलं असणार. तू डोळ्यांची डॉक्टर होशील, तुझे बाबा गेल्यावर मी एकटीनं चालवलेल्या दुकानाला अर्थ येईल, असं मी ठरवून टाकलं होतं, आणि तू कॉलेज सोडून नाटकवाल्यांसाठी मुखवटे करायला निघालीस. चार वर्षांत तुझा एकही मुखवटा मी पाहिलेला नाही, कसे करतेस ते विचारलंही नाही. शुक्रवारपासून तीन दिवस दुकान बंद ठेवतेय आणि सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे येतेय. नको असेल तर तसं कळव, मी रागावणार नाही. पण दार उघडलंस, तर पुस्तक लगेच हातात देऊ नकोस. राणी मुलीला काय म्हणाली ते मला आधी कळायला नको. मला तुझ्याशी जे बोलायचंय ते माझं मला बोलू दे, अडखळत का होईना. मग वाचू.

तुझीच,
तिसरा भाग गाळून पुढे गेलेली आई