सर्फिट आणि गुऱ्हाळावरचा रस

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ‘सर्फिट’ हा शब्द धड्यात आला की अजून माझ्या तोंडाला गुळाची चव येते. देवळालीच्या शाळेत तुम्ही तो फळ्यावर लिहिलात, खाली अर्थ काही लिहिला नाहीत. “प्लेन्टी म्हणजे भरपूर. हा त्याच्या पुढचा. चला, दप्तरं ठेवा,” एवढं म्हणून आख्खा वर्ग घेऊन तुम्ही मळ्यातल्या गुऱ्हाळावर निघालात. काय बाई होतात तुम्ही!

गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला तो पुरे म्हणेपर्यंत रस द्यायचा, ही आपल्याकडची रीत. ती माहीत असूनच तुम्ही आम्हाला नेलं होतंत. पहिला पेला अमृत. मग दुसरा, मग काकवी, मग काहिलीतला ऊन ऊन गूळ. गुऱ्हाळवाले आजोबा “घे की पोरी, लाजती काय?” म्हणत ओततायत आणि मी हावरट, पितेच आहे. शेवटी नुसत्या वासानं मळमळायला लागलं. मी पेला लांब सारला तशा तुम्ही म्हणालात, “आत्ता जे होतंय ना, ते सर्फिट. आवडीच्याच गोष्टीचा वीट. दगडधोंड्यांचं सर्फिट होत नसतं. गोडाचं होतं, कौतुकाचंही होतं.”

दुसऱ्या दिवशी माझे वडील शाळेत हजर. “बाई, पोरगी कालधरनं पोट धरून बसलीय. इंग्रजी शिकिवता का जेवनावळी घालता?”

“चुकलंच माझं, आवरायला हवं होतं,” तुम्ही शांतपणे म्हणालात. “पण शब्द आला का, तेवढं विचारा तिला.” मी घडाघडा अर्थ सांगितला, वर वाक्यही करून दाखवलं. “आता न्हाई इसरायची ही,” वडील म्हणाले आणि हसत गेले.

आता त्याच शाळेत मी इंग्रजी शिकवते. परवा हाच शब्द आला. पोरांनी मान वर न करता गाईडमधला अर्थ उतरवला, आणि एकीनं वाक्य केलं, आमच्या शेतात दगडांचं सर्फिट आहे. माझा जीव जळला हो! मुख्याध्यापकांकडे गुऱ्हाळाचं नाव काढलं तर म्हणतात, “मॅडम, एखाद्याला काही झालं तर? न्यायचं तर तुमच्या जबाबदारीवर न्या.” नेते, म्हणाले मी, तावातावानं.

वर्ग फाटकाशी उभा आहे, दंगा इथपर्यंत ऐकू येतोय, आणि मी स्टाफरूममध्ये हे लिहीत बसलेय. बाई, खरं सांगू? मी घाबरलेय. त्या दिवशी तुम्हालाही भीती वाटली होती का, हे विचारायचं कधी सुचलंच नाही. तुम्ही पुढे चालत होतात, आम्हाला फक्त तुमची पाठ दिसत होती.